रांदेरच्या उस्तादांचा शेर

सुरतेच्या माणसाला दाद द्यायला शिकवावं लागत नाही, आणि खिल्ली उडवायलाही. तापीतट साहित्य सभेच्या मुशायऱ्यात कवी रंगला तर लोक खुर्च्यांवरून उठतात, आणि नाही रंगला तर मागून कुणीतरी मोठ्या मायेने विचारतं, "भाई, घरी कुणी वाट बघत नाही का?" अशा श्रोत्यांना तीन तास बांधून ठेवायचं काम ठाकोरभाई चेवलींकडे होतं, आणि जवळजवळ उभं आयुष्य त्यांनी ते केलं. दिवसा विमा कंपनीत कारकुनी, संध्याकाळी माइक.

सूत्रसंचालन म्हणजे नावं पुकारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या वयस्कर कवीला गादीवरून उठताना बघावं. आधी गुडघा, मग चष्मा, मग दुसरा चष्मा, मग खिशातला कागद, तो नेमका कालच्या कोटात. तेवढ्यात सभा हातातून निसटते. लोक पान लावायला लागतात, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न कुठवर आलं ते विचारतात. ती फट बुजवायची असते. ठाकोरभाई ती एका विनोदाने आणि एका शेराने बुजवत. विनोद स्वतःचा, शेर दुसऱ्याचा. एखाद्या मोठ्या शायराचा नावाजलेला शेर म्हणून झाला की वर हळूच पुस्ती जोडत, "हे मला सुचणारच होतं, यांनी घाई केली." दर वर्षी तेच, आणि दर वर्षी सभागृह हसायचं. ठाकोरभाई 'माझं' म्हणाले की हसायचं, हे गावाला पाठ झालं होतं.

खरं म्हणजे ठाकोरभाई स्वतः गझल लिहीत. ऐन तिशीत सभेच्या शनिवारच्या बैठकीत त्यांनी एक वाचली होती. मलय जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मलय त्यांचा मुलगा, तीन वर्षांचा. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं. त्या गझलेतला एक शेर असा होता:

तो किती रे लांब गेला, फक्त थोडासा पुढे
हाक पोचेना तिथे अन् चालवेना तेवढे

बैठकीत कुणी हूं की चूं केलं नाही. वाचणाऱ्याचा आवाज कापत होता, आणि कापऱ्या आवाजाची सुरतेला फार दया येत नाही. एकजण म्हणाला, ठाकोर, चहा निवतोय. झालं. त्यानंतर ठाकोरभाईंनी स्वतःच्या नावावर एक ओळ कधी वाचली नाही.

पण त्याच हिवाळ्यातल्या मुशायऱ्यात एक कवी चष्मा शोधत बसला आणि ठाकोरभाईंचं पाठांतर ऐन वेळी दगा देऊन गेलं. जिभेवर आला तो हाच शेर. आपला म्हणायची छाती झाली नाही. "रांदेरचे एक उस्ताद म्हणून गेलेत," एवढं बोलून त्यांनी तो म्हटला, या वेळी आवाज न कापता. सभागृह उठलं. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. तीनदा म्हणावा लागला. ज्याने चहाची आठवण करून दिली होती, तोच डोळे पुसत होता. त्या रात्री ठाकोरभाईंना आनंद झाला, की कुणी आपला खिसा कापला असं वाटलं, हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही.

तेव्हाच सांगून टाकायचं. पण पुढच्या वर्षी लोकांनी आपणहून फर्माइश केली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. लोकांनी उस्तादांना चरित्र दिलं. उस्ताद रंगूनला व्यापारात होते, जपान्यांच्या लढाईत सगळं टाकून आले, कागद सगळे तापीत सोडले, असं जो तो सांगू लागला. ठाकोरभाईंनी यातलं एक अक्षर रचलं नव्हतं. त्यांनी फक्त नाही म्हटलं नाही.

मग एका मुशायऱ्यानंतर जुबेदाबेन त्यांना भेटायला आल्या. राहणाऱ्या तापीपलीकडच्या रांदेरच्या, वडील हाजी सुलेमान, धंदा रंगूनचा. लढाईच्या धामधुमीत वडील पायी परतले होते आणि वडिलांचा धाकटा भाऊ वाटेत राहिला होता. वडील रात्री काहीबाही लिहीत, पण कुणाला दाखवत नसत. मरण्याआधी स्वतःच्या हाताने सगळं नदीत सोडून आले. "हा शेर अब्बांचाच," असं म्हणून त्या ठाकोरभाईंचे दोन्ही हात धरून रडल्या. तुमच्यापर्यंत कसा आला, असं त्यांनी विचारलं. ठाकोरभाई म्हणाले, लोकांच्या तोंडी होता. पुढच्या उन्हाळ्यात तो शेर हाजी सुलेमान यांच्या कबरीच्या दगडावर कोरला गेला, आणि पाहुणा म्हणून ठाकोरभाईंना सन्मानाने बोलावणं आलं. ते गेलेही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण ठाकोरभाई साठीला आले, आणि सभेने ठरवलं की माइकवरून उतरताना त्यांचा गझलसंग्रह काढायचा. सभा वर्षाला एका सभासदाचं पहिलं पुस्तक छापते. पूर्वी एका महाशयांनी दुसऱ्याच्या तीन कविता आपल्या म्हणून छापून घेतल्या होत्या, तेव्हापासून अध्यक्ष मर्फतिया साहेब या बाबतीत फार कडक झाले होते. ठाकोरभाईंनी गझला निवडल्या, स्वच्छ अक्षरात उतरवल्या, पहिलीच ती ठेवली आणि पुस्तकाला नाव दिलं, 'थोडासा पुढे'. इतक्या वर्षांनी ती ओळ आपोआप घरी येईल, असं त्यांना वाटलं असावं. माणूस साठीतही इतका भोळा असू शकतो.

मर्फतिया साहेबांच्या गच्चीवर बैठक भरली. पोंकाचे दिवस होते. ज्वारीचे कोवळे दाणे, वर शेव आणि लिंबू. संपादनाचं काम कॉलेजात शिकवणाऱ्या दर्शना वशीकडे होतं. मुलगी गुणी आणि बोलायला मऊ. तिने आधी वीस मिनिटं स्तुती केली. एवढं चांगलं लिहिणारा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारत राहिला, याचं तिला खरोखरच वाईट वाटत होतं. मग तिने पहिला कागद बाजूला काढला.

"ठाकोरकाका, ही एक चुकून आली आहे. यात रांदेरच्या उस्तादांचा शेर आहे."

ठाकोरभाईंचा हात पोंकाच्या ताटलीत तसाच राहिला. दर्शना म्हणाली, यात तुमचा दोष नाही, इतकी वर्षं एखादी ओळ जिभेवर राहिली की आपली वाटायला लागते, असं पुष्कळांचं होतं. भोवतीचे शेर तुमचेच असणार, मधला तेवढा नकळत येऊन बसला. तिने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की त्यावर रागावता येईना. ती रागाने बोलली असती तर ठाकोरभाई बोलू शकले असते.

"समजा," ते म्हणाले, "समजा तो माझाच असेल तर?"

मर्फतिया साहेबांनी ताटली खाली ठेवली. "मग तू इतकी वर्षं सभेच्या व्यासपीठावरून खोटं बोललास असं होईल," ते शांतपणे म्हणाले. "टेप आहेत आपल्याकडे. तुझ्याच आवाजात. आणि त्या बिचाऱ्या जुबेदाबेनच्या बापाच्या कबरीवर मग काय आहे?" एवढं बोलून ते स्वतःच हसले आणि ठाकोरभाईंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, चेष्टा पुरे, पुस्तकाला दुसरं नाव शोध. ठाकोरभाईही हसले. हसण्याची त्यांना सवयच होती. मुशायऱ्यापर्यंत विचार करतो, एवढं म्हणून ते जिना उतरले.

गोपीपुऱ्यातल्या घरी उर्मिलाबेन हिंदोळ्यावर बसून उंधियूसाठी पापडी सोलत होत्या. ठाकोरभाईंनी झालं ते सांगितलं, तेही अर्धवट आणि गंमत म्हणून. उर्मिलाबेनचे हात थांबले नाहीत. त्या पूर्वी मुशायऱ्याला जायच्या. ज्या वर्षी वाड्याबाहेरची शेजारीण त्यांना सांगत आली की रांदेरच्या कुणा उस्तादाने काय काळीज कापणारा शेर लिहिलाय, आणि तो म्हणूनही दाखवला, त्या वर्षापासून त्यांनी जाणं बंद केलं. नवऱ्याला त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि नवऱ्याने विचारलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

डुमसच्या समुद्राच्या वाटेवर मलय कधी हात धरून चालला नाही. सारखा चार पावलं पुढे. हाक मारली की थांबायचा, वळून बघायचा, आणि आपण पोचतो तोच पुन्हा पळायचा. ती चार पावलं त्या शेरात होती, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

"मी आजवर एक शब्द बोलले नाही," उर्मिलाबेन म्हणाल्या. "म्हटलं, पुरुषमाणूस आहे, त्याचं दुःख त्याने कसं ठेवायचं ते त्याने बघावं. पण ऐकलंत का, आता पुस्तक निघतंय. आता त्याच्यात मलय नसेल, तर मग कुठेच नाही. आपल्याकडे त्याचा धड फोटोसुद्धा नाही."

"त्या बाईला काय सांगू?" ठाकोरभाई म्हणाले.

"ते मला विचारू नका. तुम्ही माझा मुलगा दुसऱ्याच्या कबरीवर ठेवून आलात, तेव्हा मला विचारलं होतंत?"

उर्मिलाबेननी एक पापडी उघडली, आत कीड निघाली, ती बाजूला टाकली आणि पुढची घेतली. बोलणं तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ते पूल ओलांडून रांदेरला गेले. सगळ्यात आधी जुबेदाबेनना सांगायचं, मग मर्फतियांना, असा त्यांनी क्रम लावला होता. रिक्षात बसल्या बसल्या वाक्यही जुळवून ठेवलं होतं. जुबेदाबेनना आता दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. मोतीबिंदू पिकून गेला होता. पण पावलांवरून त्यांनी ओळखलं, "ठाकोर, तू का? बेटा, बस," आणि सुनेला खावसा वाढायला सांगितलं. रंगूनहून आलेल्या माणसांनी आणलेला तो पदार्थ: शेवया, वर नारळाचा रस्सा, वर तळलेला कांदा. वाटी हातात आली आणि जुळवलेलं वाक्य मागे पडलं.

"बेन, त्या शेराबद्दल जरा बोलायचं होतं," ते शेवटी म्हणाले.

"मलाही तुला सांगायचंय," म्हातारी म्हणाली. "हे मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही."

मग तिने सांगितलं ते असं. वडील एकटे परतले तेव्हा घरात चाची होती, वाटेत राहिलेल्या काकाची बायको. भावाला टाकून आलास, असं ती एकदाच म्हणाली आणि त्यानंतर वडिलांशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवून, वडील मरेपर्यंत नाही. वडिलांनी स्वतःची बाजू कधी मांडली नाही. जनाज्यालाही ती दारात आली नाही. पुढे कित्येक वर्षांनी जुबेदाबेननी मुशायऱ्यातून येऊन तिला तो शेर ऐकवला. हाक पोचेना तिथे अन् चालवेना तेवढे. दुसऱ्या दिवशी चाची म्हणाली, मला त्याच्या कबरीवर घेऊन चल.

"दगड चाचीने घालून घेतला, स्वतःची बांगडी मोडून," जुबेदाबेन म्हणाल्या. "मरताना म्हणाली, मी उगाच एका माणसाला आयुष्यभर छळलं, त्याने तर हाका मारल्या होत्या. ठाकोर, तू नसतास तर माझा बाप अजून भावाला टाकून आलेला माणूसच राहिला असता. तुला काय बोलायचं होतं?"

ठाकोरभाईंनी सांगितलं की मुशायरा रविवारी आहे, तुम्ही यायचंच. सुनेने आणखी वाढू का म्हणून विचारलं, त्यांनी वाटी पुढे केली. तीही संपवली. परतीच्या रिक्षात त्यांना एवढंच कळत होतं की दोन्ही बाजूंनी दरवाजा आतून लावलेला आहे, आणि कडी आपणच घातली आहे.

रविवारी संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. ठाकोरभाईंचा शेवटचा मुशायरा म्हणून नवसारीहूनही लोक आले होते. शाल झाली, नारळ झाला, मर्फतिया साहेबांनी भाषणात सांगितलं की ठाकोरभाईंचा संग्रह फाल्गुनात येत आहे, नाव अजून ठरायचं आहे. जुबेदाबेन पहिल्या रांगेत नातवाशेजारी बसल्या होत्या. आणि पाचव्या रांगेत, बायकांच्या बाजूला, अगदी मध्ये उर्मिलाबेन. ठाकोरभाईंनी त्यांना माइकवरूनच पाहिलं. येते म्हणून घरी बोलल्या नव्हत्या. साधीच साडी, हातात पर्स, नजर थेट माइकवर.

पाच-सहा कवी झाले. ठाकोरभाई रंगात होते. भीती वाटली की ते अधिक रंगत. मग खंडुभाई मास्तरांची पाळी आली. मास्तर ऐंशीच्या घरातले. आधी गुडघा, मग चष्मा. चष्मा सापडेना. कुणीतरी गादीखाली हात घालून शोधू लागलं. फट पडली, नेहमीची.

"उस्ताद! रांदेरचे उस्ताद!" मागून फर्माइश आली, आणि चारही बाजूंनी तिला दुजोरा मिळाला.

ठाकोरभाईंनी माइकची दांडी धरली. पाचव्या रांगेकडे पाहिलं आणि ते शेर म्हणू लागले, उस्तादांचं नाव न घेता. पहिली ओळ त्यांनी म्हटली. दुसरी सभागृहानेच म्हटली, हजारभर माणसांनी एका सुरात, आणि वाहवा थांबता थांबेना. ती थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "हा शेर माझा आहे."

सभागृह फुटलं. इतकं हसले लोक की माइक कुरकुरला. शेवटच्या दिवशीही ठाकोरभाई आपला जुना विनोद विसरले नाहीत, याचं सुरतेला केवढं कौतुक वाटलं. मर्फतिया साहेब रुमालाने डोळे टिपत होते.

"हसू नका," ठाकोरभाई म्हणाले. त्यांचा आवाज कापला, तीस वर्षांपूर्वीसारखा. "खरंच माझा आहे."

"आणि सुरतेचा किल्ला कुणाचा, ठाकोरभाई? तोही तुमचाच ना?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशाची दुसरी लाट आली. तेवढ्यात पहिल्या रांगेत जुबेदाबेन नातवाच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. त्याही हसत होत्या, तोंडात दात नसलेलं लख्ख हसू. हात उंच करून त्या म्हणाल्या, "घे बेटा. तुला दिला. माझ्या अब्बांनी नाही म्हटलं नसतं."

यावर ज्या टाळ्या पडल्या तशा सभेच्या इतिहासात पडल्या नसतील. लोक म्हातारीसाठी उभे राहिले. ठाकोरभाईंनी हात जोडले. दुसरं काय करणार. खोटं कशाला, आपण बोललो आणि कुणाचंच काही मोडलं नाही, म्हणून त्यांना जरासं हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की पाचव्या रांगेकडे बघवेना. तरी त्यांनी बघितलं.

लोक खाली बसत होते आणि उर्मिलाबेन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, सगळ्यांसमोर, आणि त्यासाठीच त्या आल्या होत्या, हे ठाकोरभाईंना तेव्हा कळलं. पण शेजारच्या बायकांना वाटलं, बेनना बाहेर जायचंय. त्यांनी भराभर पाय आवरले, पर्स मांडीवर घेतल्या, एकीने तर उठून वाट करून दिली. "या बेन, या, सांभाळून." एवढी वाट झाल्यावर तिथे उभं राहणं शोभेना. उर्मिलाबेन एकेकीला ओलांडत रांगेच्या टोकापर्यंत गेल्या आणि मग दारापर्यंत. दाराशी एकदा थांबून त्यांनी वळून पाहिलं.

खंडुभाई मास्तरांना चष्मा सापडला होता, कोटाच्याच खिशात. ते माइकजवळ येऊन उभे राहिले होते. ठाकोरभाईंनी त्यांचं नाव पुकारलं.